आजचा घटक : अंक एक ते दहा

मानशीवरच्या रुझारला आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं :
सुकती किती वाजता?
'साडेणवांक,' तो म्हणाला,
'पूण भुरग्यांक दाराकडेन व्हरूं नाका.'
साडेनवाला आम्ही चोडणच्या बांधावर,
बारा जणं मोजून, अकरा ती, एक मी,
आणि चपला सगळ्यांच्या हातात.

पिशवीत एक ते दहाचे तक्ते होते.
दहा आंबे, नऊ पतंग, आठ फुगे,
पणजीहून आलेले, प्लास्टिकच्या कव्हरात.
मी कव्हर सोडवतेय तोवर एल्टन ओरडला,
'टीचर, चिखोल चलता!'

चिखल खरंच चालत होता.
एक नांगी अंगाएवढी, दुसरी नसल्यातच जमा,
अशा शेकडो कुरल्या
कुणाला तरी बोलावत होत्या, या, या,
आणि आम्ही एक पाऊल टाकलं
तर बांधाखाली एकही नाही.
नुसती भोकं.

मोजणी सुरू झाली, मी न सांगता.
दुर्वा म्हणाली चार. एल्टन म्हणाला शंभर.
जोएलनं सुरुवात केली तेव्हा सात होत्या,
त्याचं बोट शेवटाला पोचलं तेव्हा दोन.
'म्हणजे पाच घरी गेल्या,' तो म्हणाला.
वजाबाकी आम्हाला मोठ्या गटात आहे,
जूननंतर.

मग कांदळाच्या शेंगा सापडल्या.
भाल्यासारख्या फेकल्या; काही आडव्या पडल्या,
काही उभ्याच रुतल्या.
जड टोक खाली धरायचं
हे कुणी कुणाला सांगितलं, मला दिसलं नाही.

निघताना डोकी मोजली. दहा.
पुन्हा मोजली, डोक्याला हात लावून लावून.
दहा.
रुझारचं दार आठवलं
आणि माझ्या पोटात पाणी वळलं.

नीलव्वा.
बाप पुलाच्या खांबांवर कामाला, गाव गदगकडचं.
चवथ झाल्यापासून येते,
एक शब्द नाही.
तिच्या नावापुढे मीच पेन्सिलीनं लिहिलंय :
प्रतिसाद नाही.

कांदळाच्या मुळांमागे पालथी पडली होती,
हनुवटी चिखलात,
डोळे एका भोकावर.
मी हाक मारणार,
तोच तिनं मागे न बघता हात वर केला.
थांब.
बाईला.
मी थांबले.

आधी दोन डोळे आले, काड्यांवर टोचल्यासारखे.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग ती मोठी नांगी,
दारातून खाट काढावी तशी तिरकी, अडखळत.
'बंतु,'
नीलव्वा म्हणाली.

आलं, असं असणार.
मला कानडी येत नाही.
पण दुर्वाला लगेच कळलं, ती शेजारी आडवी झाली,
मग जोएल, मग सगळेच,
एकेक भोक वाटून घेऊन.
दुपारच्या झोपेला दोन मिनिटं गप्प न पडणारी पोरं
चिखलात श्वास रोखून पडली होती,
आणि मधूनच कुठून तरी, अगदी हळू :
बंतु.
इकडून बंतु.
एकदा तर मीसुद्धा.

अकराच्या सुमाराला खाडी वळली.
भरतीची पातळ जीभ
भोकाभोकांत शिरत आमच्याकडे निघाली.
एल्टन ताडकन उठला, बोट दाखवत,
'टीचर, उदक, उदक...'
शब्द शोधत राहिला,
मग सापडला.

दुपारी त्याच्या आईनं युनिफॉर्म माझ्यापुढे धरला,
साबण कुठला तेवढं सांगा म्हणाली.
रजिस्टरात 'आजचा घटक'च्या खाली मी लिहिलं,
अंक एक ते दहा.
'साध्य झाले काय?'च्या रकान्यात
पेन टेकवून बसून राहिले.
नीलव्वापुढची पेन्सिल खोडायला गेले
तर बोटाला चिखल होता.
डाग पडला. असू दे.

रुझारचा निरोप आलाय :
फाल्यां सुकती सव्वादहाक.