पदर

दवाखान्याचं शटर अर्धं खाली ओढून
लुमाण्णामामा डॉक्टरांच्या खुर्चीत बसतात.
दिवसभर त्या खुर्चीला ते हातही लावत नाहीत.
"हं, वैजयंती. देशापुढं आरोग्याचा मोठा प्रश्न कुठला?"

मी सांगते : हजार माणसांमागं डॉक्टर किती,
सरकारचा खर्च, पोषण, औषधांचे दर.
बेळगावच्या क्लासची निळी वही,
अधोरेखांसकट पाठ.
मामा मान हलवतात. "बरोबर हाय.
पण तू बोलूलालीस की वाचूलालीस?"

परत.
बाहेर जांबोटीची शेवटची गाडी वळते,
फळीवरच्या बाटल्या एकमेकींना लागतात.

"कन्नडात इचारलं तर?"
सांगीन.
"इंग्लिशमधी?"
तेही.
"मराठीत काय कोण इचारणार नाही,"
मामा म्हणतात, उद्या पाणी येणार नाही
म्हणावं तसं.

मला सकाळच्या पार्वतीआत्ती आठवतात,
कणकुंबीकडच्या. कमरेवर हात ठेवून :
कळ नव्हं ती. कळ येती आणि जाती.
ठणका म्हणावं, तर तो रात्रीचा असतोय.
चमक बी नव्हं.
आत कोणतरी ओला पदर पिळूलालंय बगा.

हावेरीचे नवे डॉक्टर मामांकडं बघत राहिले.
चांगले आहेत. टेबलाच्या काचेखाली
कन्नड अक्षरांत मराठी लिहून ठेवलंय :
कुटं दुकतं. कदीपासनं.
मामांनी बराच वेळ घेतला
आणि एक शब्द दिला. नोवु.
डॉक्टरांनी तो लिहिला, खाली गोळी लिहिली.
आत्ती पुडी कनवटीला लावून गेल्या.

"त्या पदराचं काय केलंत, मामा?"
ते चष्मा काढतात, पुसत राहतात.
"सुरवातीला सांगत होतो गं सगळं.
मागं रांग असती."

सोमवारी हे सांगायचं की नाही
आम्हा दोघांना ठरत नाही.
निळ्या वहीत याला पान नाही.
"दोन मिंटांत बसव," मामा म्हणतात.
मी मोबाईलवर वेळ लावते, उभी राहते,
आत्तींच्या कमरेपासून सुरू करते.
चार मिनिटं होतात.

"पदर काढ मग."
जरा थांबून,
"नको. पदर असू दे.
ते हजारामागं डॉक्टर किती, ते काढ."