चावली की गिळली?

फोनवरच्या बाईनं पहिला प्रश्न हाच विचारला.
मुलाचं नाव नको होतं तिला, वय नंतर.
मी म्हटलं, थांबा,
आणि ग्युम्रीतल्या चौथ्या मजल्यावर, जुलैच्या रात्री,
त्रदातला खुर्चीवर उभं करून
दिव्याखाली त्याचं तोंड उघडलं.
जीभ केशरी. दात जागच्या जागी.
"गिळली," तो म्हणाला. "अख्खी. झावेननं पैज लावली होती."

श्वास नीट येतोय? येतोय.
खोकला, लाळ? नाही.
"मग झोपवा त्याला. कवच फुटलं नाही ना,
मग आतलं विष आतच राहतं.
पोट दुखलं, उलटी झाली, तर मात्र लगेच आणा."
विष हा शब्द तिनं
मीठ म्हणावं तसा उच्चारला.

झोप कुठली!
मला आठवली आत्याबाईंची बरणी,
हातोडीनं फोडून काढलेला जर्दाळूचा मगज,
काही गोड, काही कडू,
दिसायला सगळे भाऊ-भाऊ.
"कडू लागला की थुंकायचा," हायकानुश आत्या नेहमी म्हणतात,
"साठ वर्षं थुंकतेय."
पण पाच वर्षांचं पोर पैजेवर थुंकत नाही.
पहाटे बरणी कचऱ्यात गेली, दोन पिशव्यांत बांधून,
खालच्या कोंबड्यांना सापडू नये म्हणून.
आत्या तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोय आली.
ह्रांतनं हातमोजे घातले,
नदीत सोनं शोधणाऱ्याच्या चिकाटीनं
प्लॅस्टिकच्या भांड्यात शोधली.
"टाकू नका," त्रदात ओरडला, "ती माझी आहे."

साबण. पाणी. पुन्हा साबण.
मी किटलीकडे हात नेला तर ह्रांत म्हणाला, उकळू नकोस, मरेल.
"विष मरेल?"
"नाही रे. झाड."

जानेवारीत ओल्या वाळूत घातली, फ्रिजमध्ये ठेवली.
बाल्कनीत आमच्याकडचा हिवाळा दगडही फोडतो;
फ्रिजमधला हिवाळा तेवढा माणसाळलेला.
डब्यावर मी लिहिलं: खाऊ नये.
त्रदातला वाचता येत नाही,
म्हणून त्यानं खाली एक तोंड काढलं, डोळ्यांच्या जागी फुल्या.
"जिथून बाहेर आली ती," आत्या म्हणाल्या,
"माझ्या चीजच्या शेजारी!"
पण डबा हलवला नाही त्यांनी.

हातोडी लावायची नाही, सुरीही नाही,
एवढंच ठरलं होतं.
मार्चच्या शेवटी ती आपली आपणच उकलली,
शिवणीवर, ओठ विलगावेत तशी,
आणि पांढरं मूळ बाहेर आलं.
त्याच आठवड्यात त्रदातचा खालचा दात पडला.
दोन्ही वस्तू तो तळहातावर घेऊन बसला बराच वेळ,
मग मी त्याचे हात धुतले,
आधी नखं, मग बोटांच्या बेचक्या.

आता टोमॅटोच्या मोठ्या डब्यात, तळाला भोकं पाडून,
माझ्या गुडघ्याएवढं आहे.
फळ गोड येईल का कोणी सांगू शकत नाही,
कोयीचं झाड आईवर जाईलच असं नसतं.
पानं तोंडात घालायची नाहीत, हे रोज सांगते.
आत्या सकाळी सगळ्यांच्या आधी उठतात
आणि माती ओली असते,
आम्ही कोणी विचारत नाही.

त्रदात शाळेत सगळ्यांना सांगतो झाड कुठून आलं.
लाज नावाची गोष्ट अजून त्याच्यापर्यंत पोचलेली नाही.
काल झावेन आला, डब्यापाशी उकिडवा बसला,
म्हणाला, पैज मी लावली होती,
अर्धं माझं.
त्रदातनं विचार केला.
मग म्हणाला, खालचं अर्धं घे.