आलमाववाडा

वाड्याचं नाव बदलायचं, असं पंचायतीत ठरलंय.
अर्ज मी लिहितोय, कारण माझं अक्षर बरं,
आणि कुळ्याच्या शाळेत तीस वर्षं
मी इतरांचं शुद्धलेखन तपासलं.

मुद्दा पहिला.
आलमाव म्हणजे जर्मन. पोर्तुगीज साहेब म्हणत अलेमांव,
आमच्या तोंडी झालं आलमाव.
गोट्टफ्रीड केटरर हे त्याचं नाव,
तेही जिभेला जड, म्हणून खात्री.
खात्रीबाब.
चुकीच्या उच्चारातून इतकं बरोबर नाव
क्वचितच कुणाला मिळतं.

मुरगावहून घाटाकडे रूळ पडत होते तेव्हा
तो आला. सागवानाचे चार खांब, वर झावळ्या,
सात बाजा, एक घंटा.
घंटा वाजली की पेज.
सुरुंगवाले, मुकादम, मीठ न्यायला उतरलेले लमाण,
सगळ्यांना एकाच मडक्यातली पेज,
पंगती मात्र तीन.
तेवढं त्यालाही जमलं नाही.

पाव हवा म्हणून साष्टीतून कायतान पोदेर आला.
भट्टीला सळ्या हव्या म्हणून पुतू मेस्त, भाता घेऊन.
पुतूच्या ठिणगीनं छप्पर जळलं
म्हणून कौलं, कौलांच्या गाड्यांसाठी रस्ता,
रस्त्यावर बैलांचे नाल झिजले
म्हणून पुन्हा पुतू, आणि त्याचे दोन भाऊ.
एका 'म्हणून'ला दुसरा 'म्हणून' लागत गेला,
गाव झालं.

पोस्ट नव्हतं. टपालाची पिशवी त्याच्या खुंटीला.
मराठी पत्र त्याला वाचता यायचं नाही,
पण हातात धरायचा असं, की समोरच्याला वाटे
बातमी बरी असणार.

आता तिसरा मुद्दा, की चौथा,
जो वगळा म्हणतात.
जागा त्याची नव्हती. वेळीपांची कुमेरी होती ती.
फिरती शेती करणारा माणूस
जमिनीला विसावा देऊन परत आला
तर नाचणीच्या जागी घोडा बांधलेला.
याच्या हातात कोयता, खात्रीच्या हातात कागद.
कोयता त्यानं खाली ठेवला.
बहुधा पेजही प्यायला.
त्याचं नाव कुठल्याच दप्तरात नाही,
अर्जात कुठल्या रकान्यात घालू?

आणि आपुरबाय.
नवरा बोगद्यात गेला, ही चुलीपाशी राहिली.
कोण तिला स्वयंपाकीण म्हणे, कोण आणखी काही.
खात्री तापानं गेला त्या दुपारी
घंटा वेळेवर वाजली.
पुढे बावीस वर्षं तीच वाजवत होती.
खात्रीनं गाव वसवलं, असं सांगणारे
हे आकडे मात्र हळू आवाजात सांगतात.

त्याची उधारीची वही शाळेच्या कपाटात आहे.
अर्धी वाळवीनं वाचली.
उरलेली गेल्या डिसेंबरात
धबधबा बघायला आलेल्या एका जर्मन बाईनं,
बाकावर बसून, चष्मा कपाळावर चढवून.
मला वाटलं होतं, मायदेश वगैरे असेल,
बर्फ, आई, एखादी नदी.
तसलं काही नव्हतं.
कोण किती पेज प्यायला, कुणाचे किती रेय.
शेवटच्या पानावर, त्यानं स्वतः देणं असलेलं:
आपुरबाय, नऊ महिन्यांचा पगार.
मीठ, दोन कुडव. तेही तिचंच.
इतर पानांवर हिशेब मिटला की आडवी रेघ आहे.
इथे नाही.
बाई म्हणाली, पुढे काही लिहिलेलं नाही,
आणि थोडा वेळ पान उलटून पाहत राहिली.

सरपंच म्हणतात, मास्तर, इतिहास पुरे,
एक छोटंसं नाव सुचवा,
पत्रा दोन फुटी आहे
आणि रंगारी अक्षरावर पैसे घेतो.

वही उघडी ठेवून बसलोय,
अक्षरं मोजत.