विसळलेली वाटी

वाइरोआच्या रग्बी क्लबात खुर्च्या कमी पडल्या.
खिडकी फोडणारा पंधरा वर्षांचा.
"मोठ्यांच्या तुरुंगात टाका," खाटीक डेरेक म्हणाला.
कुणी म्हणालं, बापाला बोलवा.
बाप ऑस्ट्रेलियात, खाणीवर. फोन लागत नाही.
राविरीची मावशी दाराशीच उभी,
मुठीत गाडीची किल्ली,
जणू तीच जामिनावर सुटलेली.

मग लोर्ना पेथेरिक उठल्या. घर त्यांचंच.
ड्रिल गेलं, नवऱ्याचं घड्याळ गेलं.
"फ्रिजमधलं पुडिंगही खाल्लं त्यानं.
आणि वाटी विसळून
ओट्यावर पालथी घातली."

कुणीतरी हसलं. त्या नाही हसल्या.
"घड्याळ मला परत हवंय,
ते मी सोडणार नाही.
पण वाटी विसळायला
कुणी शिकवलं त्याला,
ते आधी विचारा."

मावशीनं किल्ली
दुसऱ्या हातात घेतली.