पाचव्या मजल्याची पिशवी

कैरो शहर रात्री जे टाकून देतं
ते पहाटे मोकत्तमच्या डोंगराखाली
आमच्या दारात येऊन पडतं.
वडील गाडी रिकामी करतात
आणि आई ओढणी कमरेला खोचून बसते.
काच इकडे, पत्रा तिकडे,
प्लास्टिकचे सात ढीग,
शिळी भाकरी डुकरांना.
हात चालू, ओठ चालू:
या रब्बी यसूअ, इर्हमनी.
प्रभू येशू, दया कर.

एक्केचाळीस वेळा म्हणायचं असतं.
ती पेरांवर मोजते,
पण बोटांना मोरंब्याचा चिकटा, अंगठा सरकत नाही,
आकडा हुकतो.
"हुकू दे," म्हणते,
"मोजायचं ते आपल्याला डुलकी लागू नये म्हणून.
तो कुठं वही घेऊन बसलाय!"

लहानपणी मला लाज वाटायची.
देवळात अबूना विस्सांचा पांढरा झगा,
उदाचा धूर,
तिथली प्रार्थना आंघोळ करून आलेली.
आणि ही इथं माश्यांत बसून
खरकट्या हातांनी देवाचं नाव घेते.
एकदा बोलून गेले तसं.
तिनं मनगट पुढं केलं.
निळा गोंदलेला क्रूस,
त्याला टोमॅटोची साल चिकटलेली.
"कामाच्या वेळी हा काढून ठेवू का, इरिनी?"

पुढं तिच्या शेजारी बसू लागले
तेव्हा कळलं, ती नुसतं म्हणत नाही,
वाचते.
"ही शुब्राची इमारत. तिसऱ्या मजल्यावर बाळ आलंय, बघ.
प्रभू, दया कर.
दुसऱ्यावरचा पुन्हा प्यायला लागला.
बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळतो,
म्हणजे लाज शिल्लक आहे.
प्रभू, दया कर, तेवढी राहू दे त्याच्याकडे."

पाचव्यावर कुणीतरी एकटं राहायचं.
चहाचा थोडा चोथा, एका अंड्याचं टरफल,
आणि इन्सुलिनच्या सुया, दिवसाला दोन,
टोपणं घालून
वर चिकटपट्टी तीनदा फिरवलेली.
आई ती पुडी तळहातावर धरायची.
"आपले हात आठवतात कुणाला तरी
सुई टाकताना.
आता सांग,
कोण कुणासाठी प्रार्थना करतंय?"

मोठ्या उपासाच्या तिसऱ्या आठवड्यात
पुडी आली नाही.
आईनं ढीग पुन्हा उपसला.
दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, तसंच.
रविवारी पाचव्या मजल्याची पिशवीच नव्हती.
त्या सकाळी पहिल्यांदाच
तिचे ओठ मध्येच थांबलेले पाहिले.
वडील म्हणाले, "उद्या दरवानाला विचारतो."
"नका विचारू."
मग बऱ्याच वेळानं,
एका बाटलीचं बूच पिळून काढता काढता म्हणाली,
"जिवंत असेल तर एक म्हणायची,
गेलं असेल तर दुसरी.
ठाऊक नाही तोवर
दोन्ही म्हणता येतात."

आज पाच वर्षं झाली, ती दोन्ही म्हणते.
मला अजून तेवढं साधत नाही.
माझी प्रार्थना तुटते, फोन वाजतो, राग येतो,
कधी तासभर नुसती काच आणि पत्रा,
दुसरं काहीच नाही.

काल धाकट्याच्या हातून पेला फुटला.
मी तुकडे वेचले, कागदात घातले,
चिकटपट्टी फिरवली, एकदा, दोनदा,
आणि तिसऱ्या वेढ्याला हसू आलं:
अगं, ही पुडी उद्या उघडणार कोण?
मीच की.

तरी वेढा पुरा केला.
ओठ हलले असावेत,
कारण आईनं मान वर न करता
आमेन म्हटलं,
आणि हात लांब करून
पुडी काचेच्या ढिगावर ठेवली.