डावा कोपरा

फोटोच्या मागे लिहिलेलं मी शेवटी वाचतो.
माणसं तारखा चुकवतात, कधी मुद्दाम.
इमारती चोरल्या तर मजले चोरतात, साल नाही.
तेहतीस वर्षं नकाशे पास करण्यात गेली,
कुठल्या गच्चीवर कधी पत्रा चढला
हे मला भाच्यांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं ठाऊक.
म्हणून लोक येतात, ठाकुरद्वारला, तिसरा मजला,
पाकिटातून कुणी तरी मेलेलं काढून टेबलावर ठेवतात.

रोहिणी धैर्यवान आल्या त्या दुपारी वीज नव्हती.
खिडकीशी बसलो.
"हे वडील. पासष्टला मोंबासाला गेले, तिकडेच राहिले.
त्याआधीचा असणार. नक्की साल सांगा,
फ्रेमखाली घालायचंय."

तळहाताएवढा फोटो, कडा कातरलेल्या.
मरीन ड्राइव्हचा कठडा. ढगळ पँटमधला माणूस,
हातात शेंगांची पुडी, एक शेंग फोडता फोडता हसलेला.
मी चेहऱ्यावर भिंग धरत नाही. चेहरे गळ घालतात.
उजव्या कडेला, पार टोकाशी, नरिमन पॉइंटला
परांचीत गुंडाळलेला एक सांगाडा:
एअर इंडियाची इमारत, अर्धीच वर आलेली,
माथ्यावर तिरंदाज चढायला अजून अवकाश.
पासष्टात तिथे पाणी होतं,
फार तर भरावाची माती.

काही बोललो नाही. गच्च्यांकडे वळलो.
एकीवरही अँटेना नाही.
टीव्ही आला बहात्तरच्या गांधी जयंतीला
आणि बघता बघता त्या सगळ्या ओळीवर
माशांचे काटे उभे राहिले.
म्हणजे काट्यांच्या आधी, सांगाड्याच्या नंतर.
"एकाहत्तर," मी म्हणालो. "फार तर बहात्तर."

त्या बोटांवर मोजत राहिल्या.
"मी सातवीत," म्हणाल्या.
मग बऱ्याच वेळाने, "घरापासून चालत बारा मिनिटं."

खाली रस्त्यावर कुणी तरी भंगार मागत गेला.

काही तरी निरुपद्रवी सांगावं म्हणून
मी डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.
तिथून एक सावली आत आली होती,
फोटो काढणाऱ्याची.
थंडीत ती अशी येत नाही, मागे पडते.
इतकी पुढे झुकते ती मेच्या संध्याकाळी,
सूर्य मलबार हिलकडे सरकलेला असताना.
"महिना मे," मी म्हणालो.

त्यांनी भिंग माझ्या हातातून घेतलं.
इमारतीवर धरलं नाही, वडिलांवरही नाही.
सावलीला अंबाडा होता.
कॅमेरा धरताना बाहेर आलेलं कोपर,
कोपरावर लोंबणारी बंदाची पिशवी.

"मेमध्ये आम्हा तिघांना केळव्याला मामाकडे धाडायची.
स्वतः नाही यायची. पापड वाळत घातलेत म्हणायची,
गच्चीवर कुणी तरी हवं.
दरवर्षी. मी कॉलेजात जाईपर्यंत."
थांबल्या.
"पापड मात्र खरंच असायचे. डबाभर."

मी पेन्सिलीने मागे लिहिलं: सुमारे.
पुढचं लिहवेना, त्यांनीही मागितलं नाही.
फोटो पाकिटात गेला, पाकीट पर्समध्ये,
पर्सची चेन दोनदा ओढून बघितली.

दारात चपला घालताना म्हणाल्या,
"तुमच्या खालचा फ्रेमवाला ओळखीचा आहे ना?
त्याला एवढं सांगा,
पुठ्ठा कापताना
डावा कोपरा झाकायचा नाही."