अक्षर लावून

वेटेच्या धक्क्यामागे, लवंगांच्या वखारीत
मी राउटर बसवला तो भिंतीतल्या जुन्या खिळ्याला,
जिथे आधी तागडी टांगलेली असे.
बी म्वानामिझेने तागडी उतरवू दिली,
दुसरा खिळा मात्र मारू दिला नाही.
"याला वजन पेलायची सवय आहे," म्हणाली.

तिला माल थेट बाहेर पाठवायचा होता, मधल्या दलालाशिवाय.
मी शामे कोम्बो, वय तेवीस,
उंगुजाहून तीन दिवसांच्या बोलीवर आलेला,
जरा जास्तच भरभर बोलणारा.

पहिल्या दिवशी सांगितलं, निरोप अख्खा जात नाही.
त्याचे तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता, प्रत्येकावर आकडा,
वाटा वेगवेगळ्या,
पलीकडे पुन्हा ओळीनं लागतात.
एखादा हरवलाच तर पुन्हा पाठवला जातो.
ती गोणीचं तोंड शिवत होती. दाभण थांबलं.
"हरवलेलं परत मिळतं?"
हो, म्हटलं, मूळ प्रत इथेच असते ना.
"मग ते हरवणं नव्हे,"
आणि तिनं दोरा दातानं तोडला.

दुसऱ्या दिवशी नावं.
यंत्राला नाव कळत नाही, आकडे कळतात.
म्हणून मधे एक विचारायची जागा असते:
आपण नाव सांगायचं, तिनं आकडा.
यात तिला काडीचं नवल वाटलं नाही.
धक्क्यावरचा म्हातारा फाकी जन्मभर तेच करतोय,
उतरणाऱ्याला कुणाचं घर कुठे ते सांगतोय.
"आणि फाकीनंच चुकीचं दार दाखवलं तर?"
तेवढ्यात वीज गेली.
खरं सांगतो, वीज गेली म्हणून मी वाचलो.

तिसऱ्या दिवशी कुलूप.
पत्त्याशेजारचं ते इवलंसं कुलूप दिसलं
की वाटेत कुणी वाचत नाही, मी म्हणालो.
"आणि पोचल्यावर वाचतो, तो कोण?"
मी घुटमळलो.
कुलूप इतकंच सांगतं, म्हटलं,
की पाटीवर जे नाव आहे त्याच दारात तुम्ही आहात.
पाटी कुणी रंगवली, ते नाही सांगत.
"हं," ती म्हणाली.

संध्याकाळी मोम्बासाहून निरोप, बहारी मरीनचा, जहाजवाल्यांचा:
आमचं खातं बदललंय, भाडं नव्या खात्यावर भरा,
आजच, जहाज थांबणार नाही.
मी एका नजरेत वाचला. दुवा उघडला.
कुलूप होतं. रक्कम घातली.
"थांब."

एकेचाळिसाव्या वर्षी रात्रीच्या वर्गात शिकली ती वाचायला.
अजून अक्षर लावून वाचते,
ओठ हलतात, बोट पुढे सरकतं,
पडद्यावर लवंगतेलाचा ओघळ उठतो.
बहारी झालं. मग बोट अडलं.
"हा एम नाही."
असं कसं?
"एमच्या दोन्ही कमानी एका अंगाच्या असतात.
हे दोघं आहेत. आर आणि एन.
खेटून उभे राहिलेत, एकच असल्यासारखे."

मी अक्षरं मोठी केली.
दोघं होते.
मधे केसाएवढी फट.

तिनं गल्ल्याखालची वही काढली,
शाईनं लिहिलेला जुना नंबर फिरवला.
मोम्बासात कुणीही खातं बदललेलं नव्हतं.
फोन ठेवून ती मला काहीच बोलली नाही,
माझ्या तीन दिवसांचे पैसे मोजू लागली,
एकेक नोट, दोनदा.

परतीच्या बोटीवर रेंज येत होती, जात होती.
अर्ध्या समुद्रात एक निरोप आला,
म्हणे माझ्याच बँकेचा, म्हणे तातडीचा.
मी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.
बोटाला अजून वखारीचा वास होता.